समुद्र आपल्या दारातही आहे, मग जपानचा किनारा कशाला?

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही देवगड तालुक्यातले. हे बंदर खात्यातून निवृत्त झाले, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. मुलगा ओसाकाला नोकरीला आहे. दिवाळी झाली की नोव्हेंबरात आम्ही त्याच्याकडे जाणार. क्योतो, नारा तो शनिवार-रविवारी दाखवेल, पण त्याने चार दिवसांची रजा काढली आहे आणि ती कुठे घालवायची यावरून घरात रोज बोलणी चालू आहेत. त्याला आम्हाला तोक्यो आणि फुजी दाखवायचा आहे. मला एका मासिकात पाहिलेला उंच धबधबा आणि त्याच्या पुढचा तांबडा तिमजली मनोरा बघायचा आहे. चौकशी केली तर कळलं, तो वाकायामात समुद्राजवळ आहे. यावर हे म्हणतात, "समुद्रच बघायचा तर विमानाला पैसे कशाला? मागच्या दारी जाऊन उभी राहा." त्यात हे माळकरी, मासे-मटण-अंडं काही चालत नाही. माझे गुडघे पायऱ्यांना कुरकुरतात. मुलगा म्हणतो, "आई, तिकडे बाबा उपाशी राहतील आणि तू अर्ध्या पायरीवर बसशील." काय करू?

सिंधुदुर्गातली एक वाचक

उत्तर

ताई,

थेट सांगते, चारही दिवस वाकायामाच्या किनाऱ्याला द्या. चार दिवसांत तोक्यो आणि फुजी उरकायचं तर तुमचा निम्मा वेळ स्थानकांच्या जिन्यांवर जाईल, आणि त्या दिवशी फुजी ढगाआड राहिला तर सगळ्यात जास्त खट्टू मुलगाच होईल. वाकायामा ओसाकाच्या लगेच दक्षिणेला आहे. किई नावाचं मोठं द्वीपकल्प प्रशांत महासागरात उतरलेलं आहे, त्याचा पश्चिम आणि दक्षिण किनारा. डोंगर थेट समुद्रापर्यंत आलेले, मधे जेमतेम एक रस्ता, एक रेल्वे आणि एखादं गाव मावेल एवढीच जागा. पाऊसही आपल्यासारखाच भरपूर. तुम्हाला ती भूमी परकी वाटणार नाही.

आता यजमानांचा मुद्दा. तो खोडून काढावा असं मला वाटत नाही. पुळणीवर बसून लाटाच बघायच्या असतील तर कुणकेश्वर-मिठबाव सोडून कुठे जायचं कारण नाही. शिराहामाची पांढरी पुळण जपानभर नावाजलेली आहे, पण तिची वाळू वाहून जायला लागली तेव्हा ऑस्ट्रेलियातून वाळू आणून तिच्यात भर घालावी लागली. तेव्हा पुळणीसाठी जाऊ नका. त्या किनाऱ्यावर समुद्राने काय आणून टाकलं, काय ओढून नेलं आणि माणसांनी त्यावर काय केलं, याच्या खुणा गावोगाव जपलेल्या आहेत. त्या जागेवर उभं राहून बघता येतात. ज्याचा जन्म बंदरात गेला त्या माणसाला त्या तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त बोलतील. हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवा.

पहिल्या दिवशी ओसाकाच्या तेन्नोजी स्थानकातून कुरोशिओ नावाची जलद गाडी घ्या. दक्षिण जपानला लागून जो उष्ण सागरी प्रवाह वाहतो, त्याचं नाव गाडीला दिलं आहे. जाताना उजव्या खिडकीच्या जागा मागा; द्वीपकल्पाचं टोक वळून गेल्यावरही समुद्र उजवीकडेच राहतो. शिराहामाला उतरायच्या आधी युआसाला उतरा. सगळ्या कुरोशिओ गाड्या तिथे थांबत नाहीत, थांबणारी बघून घ्यायला मुलाला सांगा. नोव्हेंबरात त्या बाजूच्या डोंगरउतारांवर संत्र्यांची तोड चालू असते, खिडकीतून पाहत राहावं असं ते दृश्य असतं. युआसा हे सोया सॉसचं मूळ गाव. जुन्या गल्लीत लाकडी दर्शनी भागांची घरं अजून आहेत, अर्ध्या तासात फिरून होते. पण मी तुम्हाला तिथे उतरवते आहे ती शेजारच्या हिरोगावा या गावासाठी.

२४ डिसेंबर १८५४ च्या संध्याकाळी इथे मोठा भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. अंधार पडलेला, लोक वाट चुकून पाण्यात अडकलेले. हामागुची गोर्यो नावाच्या सोया सॉसच्या व्यापाऱ्याने शेतात रचून ठेवलेल्या भाताच्या गंज्या पेटवल्या. त्या उजेडाच्या रोखाने लोक टेकडीवरच्या देवळाकडे आले आणि वाचले. पुढे ही गोष्ट जपानी मुलांच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात गेली. तिथे त्याला म्हातारा केलं. प्रत्यक्षात तो जेमतेम पस्तिशीचा होता. तुम्ही मुलांना शिकवलेलं आहे, त्यामुळे मला या गोष्टीचा पाठ्यपुस्तकात न मावलेला भाग तुम्हाला मुद्दाम सांगायचा आहे. लाट ओसरल्यावर गावात घरं नव्हती, होड्या नव्हत्या, लोक गाव सोडायच्या बेतात होते. गोर्योने स्वतःच्या पैशाने बांध घालायला काढला आणि गावकऱ्यांनाच मजुरीवर लावलं. सुमारे ६०० मीटर लांब आणि ५ मीटर उंच बांध चार वर्षांत उभा राहिला. लोकांच्या हाताला काम मिळालं म्हणून गाव टिकलं, आणि १९४६ साली पुन्हा त्सुनामी आली तेव्हा त्याच बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला तो या रात्रीवरूनच. जुन्या चांद्र पंचांगाप्रमाणे ती तारीख अकराव्या महिन्याची पाचवी होती. त्याच्या घराच्या जागी आता संग्रहालय आहे. ते बघा आणि मग बांधावर चाला. सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. एका अंगाला झाडी आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला घरांची कौलं.

रात्रीला शिराहामा. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे तुम्हाला कोणीही वाट दाखवेल. जपानच्या सगळ्यात जुन्या गरम पाण्याच्या झऱ्यांत त्याची गणना होते. एंगेत्सू नावाच्या छोट्या बेटाला मधोमध भोक आहे आणि त्यातून सूर्यास्त बघायला गर्दी होते. नोव्हेंबरात तिकडे सूर्य पाचच्या सुमारासच बुडतो, हिरोगावाला रमलात तर सूर्यास्त हुकेल. हुकू द्या. सकाळी सान्दान्बेकीच्या कड्यांवर जा, तिथे लिफ्ट ३६ मीटर खाली समुद्राच्या गुहेत नेते. जुन्या काळी या किनाऱ्यावरच्या कुमानो भागातले दर्यावर्दी लढवय्ये आपल्या होड्या इथे लपवत, असं सांगतात. जिने न उतरता कड्याच्या पोटात लाट फुटताना बघायला मिळते. आणि मुलाने पांडांचं नाव काढलं तर त्याला सांगा, तिथल्या प्राणी-उद्यानातले उरलेले चार पांडा २०२५ च्या जूनमध्ये चीनला परत गेले.

दुसऱ्या दिवशीचा मुख्य थांबा द्वीपकल्पाच्या टोकाचं कुशिमोतो. इथे एक तर मुलाने गाडी भाड्याने घ्यावी (त्याच्याकडे तिथला परवाना असेल तर, जपानातही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात) किंवा स्थानकाबाहेर तीन-चार तासांसाठी टॅक्सी ठरवावी. बस आहेत, पण दोन बसमधलं अंतर तुमचा दिवस खाऊन टाकेल.

आधी हाशिगुई खडक. किनाऱ्यापासून समोरच्या ओशिमा बेटाच्या दिशेने सुमारे ८५० मीटरपर्यंत चाळीसेक उभे खडक ओळीने गेले आहेत. कोबो दाइशी या थोर बौद्ध आचार्याने एका दुष्ट पिशाच्चाशी पैज लावली, की एका रात्रीत बेटापर्यंत पूल बांधायचा. आचार्य जिंकणार असं दिसताच पिशाच्चाने कोंबड्याची बांग दिली. पहाट झाली असं वाटून काम थांबलं, राहिले ते नुसते खांब. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं आणि कोंबडा आरवल्यामुळे ते अर्धवट राहिलं, ही कथा तुमच्या-आमच्या कोकणात कितीतरी गावांत सांगतात. ओहोटीला खाली उतरलात तर सपाट खडकावर मोठाले धोंडे विखुरलेले दिसतील. ते त्या ओळीतून तुटून त्सुनामीने फेकले असल्याचं अभ्यासक मानतात.

मग पुलावरून ओशिमा बेटावर जा आणि पार पूर्वेच्या टोकाला काशिनोझाकी दीपगृहापर्यंत जा. यजमानांसाठी सगळ्या सहलीतली ही जागा मी राखून ठेवली आहे. रिचर्ड हेन्री ब्रंटन या स्कॉटिश अभियंत्याने उभं केलेलं हे दीपगृह १८७० साली लागलं. जपानमधल्या दगडी दीपगृहांत ते सर्वात जुनं. १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री वादळात याच टोकाखालच्या खडकांवर एर्तुग्रुल नावाची तुर्की युद्धनौका फुटली. ऑटोमन सुलतानाचा नजराणा जपानच्या सम्राटाला पोचवून ती परत निघाली होती. येताना ती आपल्या मुंबई बंदरातही थांबून आली होती. पाचशेहून अधिक खलाशी बुडाले, ६९ वाचले. जे वाचले ते त्या दिव्याच्या रोखाने कडा चढून वर आले. बेटावरचे लोक गरीब, मासेमारीवर जगणारे. त्यांनी अंगाची ऊब देऊन, आपले कपडे, साठवलेलं धान्य, सणासाठी राखलेल्या कोंबड्या देऊन त्यांना जगवलं. पुढे जपानी नौदलाच्या दोन जहाजांनी त्यांना तुर्कस्तानला पोचवलं. १९८५ साली इराण-इराक युद्धात तेहरानमध्ये दोनशेवर जपानी नागरिक अडकले, त्यांना न्यायला आली ती तुर्की विमानं. ओशिमावर त्या खलाशांचं स्मारक आहे, संग्रहालय आहे आणि दर काही वर्षांनी तिथे दोन्ही देशांचे लोक जमून त्यांना मानवंदना देतात. ज्यांनी रात्री-बेरात्री वादळातल्या होड्यांची वाट पाहिली आहे, त्यांना इथे घाई करू नका. दीपगृहाच्या पायथ्याशी बसू द्या.

वेळ उरला तर शिओनोमिसाकीला गाडी वळवा. होन्शू या जपानच्या मुख्य बेटाचं ते दक्षिण टोक, मोठं गवताळ पठार आणि पुढे फक्त पाणी. कुशिमोतोच्या समुद्रात प्रवाळही आहे. उष्ण प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेला ते जगतं आणि २००५ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जगात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. समुद्रात उभारलेल्या मनोऱ्यातून कोरड्या अंगाने ते बघता येतं, पण दीपगृह आणि प्रवाळ यांत निवड करायची झाली तर दीपगृह.

संध्याकाळी कात्सुउरा बंदर गाठा आणि तिथे दोन रात्री राहा. वाटेत ताइजी लागतं. देवमाशांच्या शिकारीचं जुनं गाव, देवमाशांचं संग्रहालय आहे, आणि डॉल्फिन पकडण्याची पद्धत तिथे अजून चालू आहे. तुमच्या घरच्या माळकरी माणसाला ते बघवणार नाही. न उतरता पुढे जा.

तिसरा दिवस तुमचा. तुम्ही मासिकात पाहिलात तो नाचीचा धबधबा. एकाच झेपेत १३३ मीटर खाली येणारं पाणी, जपानमधली ही सर्वात उंच झेप. कड्याच्या माथ्यावर पाण्याला आडवा गवताचा जाड पवित्र दोर बांधलेला असतो, वर्षातून दोनदा तो बदलतात. धबधब्यासमोर जे देवस्थान आहे त्याला गाभारा नाही. पाणी हाच देव, त्याच्याकडे तोंड करून हात जोडायचे. पाऊस आला तर हिरमुसू नका, पावसात तो आणखी भरतो.

तो तांबडा मनोरा सेइगांतो-जी या बौद्ध मंदिराचा. मनोरा १९७२ सालचा, नव्याने बांधलेला, हे आधीच सांगून ठेवते. मुख्य मंदिर मात्र १५९० सालचं, काळवंडलेल्या लाकडाचं, आणि खरं बघण्यासारखं ते आहे. त्याला लागूनच नाचीचं मोठं शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान. शेकडो वर्षं दोन्ही एकच होती, एकोणिसाव्या शतकात मेइजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला तेव्हा कागदावर वेगळी झाली. भाविक आजही एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात.

या मंदिराची जन्मकथा अशी सांगतात: फार पूर्वी भारतातला एक भिक्षू समुद्रातून वाहत कुमानोच्या किनाऱ्याला लागला. त्याने नाचीच्या धबधब्याखाली तप केलं आणि त्याला कानोनची छोटी सोन्याची मूर्ती मिळाली. कानोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. ही दंतकथा आहे, इतिहास नाही. पण तुम्ही कधी कान्हेरीला गेलात तर ९० क्रमांकाच्या लेण्यात याच अवलोकितेश्वराभोवती संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत, आणि त्यांत बुडणाऱ्या गलबतातली माणसंही आहेत. कोकणच्या बंदरांतून निघणारे व्यापारी ज्याचा धावा करत, त्याच्याच नावाने प्रशांत महासागराच्या काठावर हे देऊळ उभं आहे. पश्चिम जपानच्या ३३ कानोन मंदिरांची यात्रा इथूनच सुरू होते. देवळात कोऱ्या पानांची वही मिळते, तिच्यात पुजारी कुंचल्याने मंदिराचं नाव लिहून तांबडे शिक्के देतात. एक घ्या.

नाचीच्या आजूबाजूला जे आहे त्याला कुमानो म्हणतात, आणि त्याबद्दल यजमानांना सांगा. हजार वर्षांपूर्वी क्योतोहून लोक इथे पायी येत. जाऊन-येऊन महिनाभर लागे. गादी सोडलेला सम्राट गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा आला. वाटेत ठरावीक ठिकाणी छोटी देवळं, तिथे थांबून पूजा, गाणं, विश्रांती आणि पुन्हा चाल. सम्राट, सैनिक, शेतकरी, आंधळे, रोगी, सगळे एकाच वाटेने. २००४ साली या वाटा जागतिक वारशात गेल्या. तुमची गाडी ज्या किनाऱ्याने आली त्याच किनाऱ्याने त्यातली एक वाट जाते.

आणि ताई, हे खास तुमच्यासाठी. याच डोंगरांत कोयासान हे मोठं बौद्ध तीर्थ आहे. तिथे १८७२ पर्यंत बायकांना प्रवेश नव्हता. कुमानोला मात्र सुरुवातीपासून बाईला मनाई नव्हती, विटाळाचीही नव्हती. इझुमी शिकिबू ही अकराव्या शतकाच्या सुमाराची कवयित्री. ती चालत चालत कुमानोतल्या होंगूच्या देवळाजवळ पोचली आणि पाळी आली. आता दर्शन नाही, म्हणून तिने खिन्न होऊन एक कविता केली. त्या रात्री स्वप्नात देवाने तिला उत्तर दिलं, मी स्वतः धुळीत मिसळून राहणारा, मला तुझ्या विटाळाचं काय? दुसऱ्या दिवशी तिने दर्शन घेतलं. कथा खरी असो नसो, शेकडो वर्षं कुमानोच्या भिक्षुणी गावोगाव हिंडून लोकांना कुमानोचा महिमा सांगत राहिल्या आणि त्यातून बायका यात्रेला निघाल्या. मला या किनाऱ्याची ओढ वाटते त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

आता गुडघे. नाचीचा रस्ता आहे पायऱ्यांचाच. खालच्या बस थांब्यापासून देवस्थानापर्यंत ४६७ पायऱ्या. त्या चढू नका. टॅक्सीवाल्याला देवळाजवळच्या वरच्या वाहनतळापर्यंत न्यायला सांगा, वेगळं रस्ताशुल्क पडतं, ते द्या. तिथून मंदिर, मनोरा आणि धबधब्याचं तुमच्या फोटोतलं दृश्य, सगळं थोड्या चालीत होतं. धबधब्याच्या पायथ्याशी जायला शंभरावर पायऱ्या उतराव्या लागतात आणि अर्थात परत चढाव्याही. कठड्याला धरून हळूहळू उतरलात तर जमेल, नाही जमलं तर वरून दर्शन पुरेसं आहे. दाइमोन्झाका ही जुन्या यात्रावाटेची दगडी चढण, दोन्ही बाजूंना देवदारासारखे सरळ उंच सुगी वृक्ष. यजमान आणि मुलगा ती चढून वर येऊ देत. तुम्ही तिच्या सुरुवातीपर्यंत जा. तिथे दोन प्रचंड सुगी आमनेसामने उभे आहेत, सुमारे आठशे वर्षांचे, त्यांना पती-पत्नी मानतात. जवळच्या शिंगू शहरातल्या कामिकुरा देवस्थानाचं नाव कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. तिथल्या पाचशेवर पायऱ्या इतक्या उभ्या आणि ओबडधोबड आहेत की तरुणांचेही पाय लटपटतात.

नाचीहून उतरताना नाची स्थानकाजवळ फुदाराकुसान-जी नावाचं लहानसं मंदिर आहे, तिथे थांबा. बौद्ध ग्रंथांत अवलोकितेश्वराचं निवासस्थान पोतलक पर्वत, दक्षिण भारतात समुद्राजवळ असल्याचं म्हटलं आहे. या मंदिरातले भिक्षू त्या पोतलकाला जायला समुद्रात निघत. चांद्र अकराव्या महिन्यात, उत्तरेचा वारा धरून. छोटी होडी, तिच्यावर खोपटासारखी खोली, चारी बाजूंना तोरी कमानी. भिक्षू आत बसला की खोलीचं दार खिळे ठोकून बंद करत. महिनाभराचं अन्न आणि दिव्याचं तेल सोबत. दुसऱ्या होड्या त्याला ओढत खुल्या समुद्रात नेत आणि दोर कापत. ८६८ पासून १७२२ पर्यंत वीसहून अधिक भिक्षू असे गेले. सोळाव्या शतकातला एक भिक्षू होडी फोडून एका बेटावर पोचला, तर त्याला पुन्हा समुद्रात लोटलं, असं इथले लोक सांगतात. त्यानंतर जिवंत माणसाला पाठवणं थांबलं आणि मरण पावलेल्या भिक्षूचा देह होडीतून सोडायची रीत पडली. त्या होडीची प्रतिकृती मंदिराच्या आवारात ठेवली आहे. मला तिथे श्रद्धा आणि क्रौर्य यांत रेघ ओढता आली नाही. तुमच्या यजमानांनी संजीवन समाधीबद्दल वाचलेलं, ऐकलेलं आहे. त्यांना इथे काय वाटतं ते मला कळवा.

होंगूचं देऊळ आणि युनोमिनेचे गरम पाण्याचे झरे मी या चार दिवसांत घातलेले नाहीत. शिंगूहून डोंगरात बसने तासाहून जास्त लागतो आणि मग नाचीला धावपळ होते. ते सोडताना मला वाईट वाटतं आहे, पण धावत बघण्याची ती जागा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी यजमानांना घेऊन कात्सुउराच्या मासळी बाजारात जा. ताज्या ट्यूनाचा जपानमधला हा मोठा बाजार. वरच्या मजल्यावरून लिलाव बघता येतो, फरशीवर ओळीने मांडलेले आडवेतिडवे मासे आणि त्यांच्यामधून फिरणारे व्यापारी. खायचे नाहीत, पण बंदराच्या माणसाला दुसऱ्या बंदराचा कारभार बघायला आवडेल. सुट्टीचा वार आणि वेळ आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. मग ओसाकाची गाडी, चार तास.

जेवणाचं मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. जपानात 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. भाजीत, आमटीसारख्या सुपात, सोबा-उदोन या शेवयांच्या पाण्यात कात्सुओ माशाचा अर्क असतो, आणि तो त्यांच्या लेखी मासा नसतो. म्हणून मुलाला जपानीत सविस्तर चिठ्ठी लिहायला सांगा: मांस, मासे, अंडं नाही, आणि माशाचा अर्कही नाही, कोम्बू शेवाळ किंवा शिताके अळंब्यांचा चालेल. ती खोली ठरवतानाच पाठवायची. आयत्या वेळी सांगितलं तर यजमानीण बिचारी ओशाळते आणि समोर फक्त भात येतो. वाकायामात शाकाहारी माणसाला आपलं वाटेल असंही बरंच आहे: मिनाबे गावची खारवलेली उमे नावाची आंबट फळं, म्हणजे तिथलं लोणचंच, युआसाचं किंझांजी मिसो हे आंबवलेलं तोंडीलावणं, जे भातावर नुसतं घेऊन खातात, मोहरीच्या जातीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेले मेहारी भाताचे गोळे, पण आत माशाचा कीस नाही ना हे विचारूनच. सोबत मेतकूट, भाजके पोहे, लसणीची चटणी घ्या. कार्तिकी एकादशी त्याच सुमारास येते, त्या दिवसांत जपानभर दुकानांतून भाजलेली रताळी गरमागरम मिळतात, उपवासाचा प्रश्न मिटला. फळं मात्र नेऊ नका. ताजी फळं, भाज्या तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात, आणि मांसाच्या पदार्थांबद्दल तर ते फारच कडक आहेत.

गरम पाण्याच्या सामायिक कुंडात विवस्त्र उतरावं लागतं. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, तरी आपल्या पिढीला संकोच वाटतो, त्यात चुकीचं काही नाही. बऱ्याच मुक्कामी तासाभरासाठी खाजगी कुंड राखून मिळतं. नवरा-बायकोने ते घ्यावं. तुमच्या गुडघ्यांना त्या पाण्यासारखं औषध नाही. नाहीच जमलं तर पाय सोडून बसायची उघडी कुंडं गावात असतात.

किनाऱ्यावर जागोजागी त्सुनामीच्या वेळी कुठे चढायचं याच्या निळ्या-हिरव्या पाट्या दिसतील. हा भाग मोठ्या भूकंपाच्या पट्ट्यात आहे. घाबरू नका, पण प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर वर जायचा रस्ता कोणता एवढं विचारून घ्या. जमीन बराच वेळ हलली तर सामानाची, भोंग्याची वाट न बघता वर चढायचं.

मुलाला दोन कामं द्या, म्हणजे सहल त्याचीही होईल. परदेशी पर्यटकांसाठी पश्चिम जपान रेल्वेचा जो पास शिंगूपर्यंत चालतो तो तुम्हा दोघांना मिळेल, तिथे राहणाऱ्या त्याला नाही, तेव्हा हिशेब करून कोणता परवडतो ते त्याने बघावं. आणि मोठ्या बॅगा ओसाकालाच ठेवून किंवा कुरियरने थेट कात्सुउराला पाठवून, चार दिवस एकेक पिशवी घेऊनच निघावं. नोव्हेंबर हा लाल पानांचा हंगाम असतो, चांगल्या खोल्या लवकर जातात. कात्सुउराच्या दोन रात्री या आठवड्यातच ठरवून टाका, आणि जेवणाची चिठ्ठी त्याच संदेशात जाऊ दे.